तारीख नसलेला अपघात

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना महामार्ग, कल्याण-डोंबिवलीकडून काटई-देसई-खिडकाळीवरून येणारा रस्ता आणि पारसिकचा डोंगर ओलांडून महापे-घणसोलीकडे उतरणारा रस्ता हे तिन्ही जेथे एकत्र येतात, त्या शीळफाट्यावर अवजड वाहनांची रांग आणि कर्ण्यांचा कल्लोळ यांवाचून दिवसाचा एकही प्रहर जात नाही. परंतु या परिसरातील श्रमिकांच्या कानांवर होणारा खरा आघात रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्यास दिसत नाही, कारण तो भिंतींच्या आणि डोंगराच्या आड होत असतो. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून शीळफाट्यापर्यंत सुमारे २१ किलोमीटर लांबीचा बोगदा होत असून त्यांपैकी सुमारे ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातात. या बोगद्याचा शीळफाट्याकडील भाग खडकात भोके पाडून व सुरुंग लावून खोदण्यात आला, आणि २० सप्टेंबर २०२५ रोजी घणसोली व शीळफाटा यांच्या दरम्यानच्या ४.८८ किलोमीटरांची दोन्ही टोके एकमेकांस मिळाली. त्या दिवसाची छायाचित्रे वृत्तपत्रांत सर्वांनी पाहिली. परंतु ज्या पद्धतीने असा बोगदा पुढे सरकतो ती पद्धती कानाच्या दृष्टीने काय असते, याचा विचार अभिनंदनाच्या प्रसंगी सहसा कोणी करीत नाही.

खडकात भोक पाडणाऱ्या यंत्राचा आवाज ११० डेसिबलच्या आसपास असतो, आणि मोकळ्या माळावर जो आवाज चहूकडे विरून जातो तो बंदिस्त पोकळीत भिंतींवर आदळून पुनःपुन्हा परत येतो. त्यात हवा खेळती ठेवणाऱ्या पंख्यांची घरघर आणि राडारोडा उपसणाऱ्या डंपरांचा गडगडाट मिसळला, म्हणजे तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या कानास विसावा असा मिळतच नाही. कारखान्यांसंबंधीच्या आपल्या नियमांनी आठ तासांसाठी ९० डेसिबल ही कमाल मर्यादा ठरविली असून पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा केला आहे, म्हणजे ९५ डेसिबलला चार तास, १०० ला दोन, १०५ ला एक आणि ११० ला केवळ अर्धा तास. डेसिबल हे माप साध्या बेरजेचे नसल्यामुळे ते सामान्य वाचकास फसविते: आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातील ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. आपली तालिका मात्र ५ डेसिबल वाढले तेव्हाच वेळ निम्मा करते, आणि म्हणून ती उदार आहे. पण तिचे औदार्य कामगाराच्या पदरात पडत नाही. चाळीस वर्षे ९० डेसिबलमध्ये काम करणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा लोकांना वयोमानाने येते त्याहून अधिक, व्यवहारास बाधक असे बहिरेपण येते, असा अंदाज अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९८ साली प्रसिद्ध केला होता. ब्रिटनने २००५ च्या नियमांनी ८० डेसिबलपासूनच मालकावर कर्तव्ये लादली. आपण ९० वरच थांबलो आहोत, आणि हे मला योग्य वाटत नाही.

आवाजाने कान बिघडतो म्हणजे नेमके काय बिघडते, हे समजल्यावाचून पुढचा कायद्याचा भाग नीट ध्यानात येणार नाही. अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा जो अवयव आहे त्यात सूक्ष्म केसांसारखे तुरे असलेल्या पेशी ओळीने बसविलेल्या असतात. बाहेरच्या ओळींत सुमारे बारा हजार व आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार. ध्वनीच्या कंपनाने हे तुरे झुकतात आणि त्या झुकण्याचेच मज्जातंतूंत संदेश होतात. शीळ-देसईच्या खाचरातील भातरोप एका वादळाने आडवे झाले तरी दोन दिवसांनी मान वर काढते, परंतु त्याच रोपावरून रोज गुरे गेली तर ते कायमचे मातीस मिळते. या पेशींचेही तसेच होते. पाळी संपवून बाहेर पडलेल्या कामगाराला कानांत दडे बसल्यासारखे वाटते, कानात शिट्टी वाजत राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व काही पूर्ववत् भासते. पण काही वर्षांनी अशी एक सकाळ येते की त्यानंतर ती शिट्टी थांबतच नाही. मेलेली पेशी मनुष्याच्या शरीरात पुन्हा उगवत नाही, आणि शस्त्रक्रियेने ती बसविताही येत नाही.

या बहिरेपणाची एक खूण वैद्यांना चांगली ठाऊक आहे. श्रवणमापनाचा आलेख काढला असता डावीकडच्या खालच्या स्वरांची रेषा सरळ चालत येते, ३००० ते ६००० हर्ट्झच्या टापूत, बहुधा ४००० वर, ती एकाएकी खाली दरीत कोसळते आणि ८००० कडे जाताना पुन्हा थोडी वर चढते. ही दरी दोन्ही कानांत जवळपास सारखीच दिसली आणि माणूस दीर्घकाळ गोंगाटात राबलेला असला, म्हणजे कारणाविषयी फारशी शंका उरत नाही. वार्धक्याच्या बहिरेपणात रेषा उतरतच जाते, ती शेवटी वर चढत नाही. आता ज्या टापूत ही दरी पडते तेथेच स, श, फ, थ, ख अशा व्यंजनांचा बराचसा भाग असतो, आणि स्वरांचा जोर मात्र खालच्या, शाबूत राहिलेल्या टापूत असतो. परिणाम असा की, समोरचा बोलतो आहे हे कामगाराला ऐकू येते, पण काय बोलतो आहे हे उमगत नाही. 'साठ' म्हटले की 'आठ', 'सात' म्हटले की 'हात'. घरची माणसे म्हणतात, याला हवे तेवढेच ऐकू येते. हा आरोप खोटा असूनही बहुतेक कामगार तो निमूटपणे सोसतात, कारण आपल्याला काय झाले आहे हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नसते.

हे दुखणे यंत्रयुगाच्याही पूर्वीचे आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी व्यवसायजन्य रोगांवर जो ग्रंथ लिहिला त्यात सतत घणाघात ऐकून बहिऱ्या होणाऱ्या तांबटांचे वर्णन आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीतून ठोक्यांच्या त्या एकसुरी नादात ज्यांनी चक्कर मारली असेल त्यांना ते वर्णन परके वाटणार नाही. पुढे १८८६ साली ग्लासगोच्या थॉमस बार या कर्णवैद्याने बॉयलर बनविणाऱ्या कामगारांची कानतपासणी केली, आणि सभेतील वक्त्याचे भाषण त्यांच्यापैकी बहुसंख्यांना ऐकू येत नाही असे दाखवून दिले. म्हणजे कारण आणि कार्य यांचा संबंध सव्वाशे वर्षांहून अधिक काळ शाबीत आहे. भरपाई मात्र फार मागाहून आली, आणि तिच्या उशिराचे मूळ कायद्याच्या रचनेतच होते.

कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा अपघात हा पाया धरून रचलेला होता. अपघाताला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतो, रक्त असते. हजेरीपटावर त्या दिवसापुढे शेरा पडतो आणि पोलिसांत वर्दी जाते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत जे भीषण स्फोट झाले, तशा एखाद्या स्फोटाने कानाचा पडदा फाटला तर ती इजा सरळ अपघात म्हणूनच कायद्यापुढे रुजू होते. पण वीस वर्षे यंत्रमागापाशी किंवा घणाच्या यंत्रापाशी उभे राहून जो कान गेला त्याची तारीख कोणती? ही अडचण सोडविण्यासाठी कायद्याने तिसऱ्या अनुसूचीची तजवीज केली. त्या अनुसूचीत नमूद असलेला व्यवसायजन्य रोग जडणे हाच अपघात समजावा, असा कायद्याने मानलेला अर्थ लावण्यात आला. आणि तिच्या 'ब' भागात पारा, फॉस्फरस, बेंझीन इत्यादींच्या विषबाधांच्या पंक्तीत 'आवाजामुळे आलेला श्रवणदोष' यालाही स्थान मिळाले. कामगार राज्य विमा कायदा, १९४८ याच्या अनुसूचीतही तीच नोंद आहे. शिवाय कारखाने अधिनियमाने हा रोग सूचनायोग्य ठरविला, म्हणजे असा रुग्ण आढळल्यास व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरानेही शासनाच्या कारखाना निरीक्षण खात्यास, आपल्याकडे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयास, लेखी कळविले पाहिजे.

या नोंदीचे सामर्थ्य वाचकाने नीट लक्षात घ्यावे. कामगाराने आवाजाच्या नोकरीत त्या मालकाकडे सलग सहा महिने काढले असतील, तर बहिरेपण नोकरीतूनच उद्भवले असे गृहीत धरावयाचे, आणि तसे नाही हे दाखविण्याचा भार मालकाच्या शिरावर. गरीब फिर्यादीच्या हाती कायद्याने दिलेले हे मोठे शस्त्र होय. तरीही भारतात या रोगासाठी पहिली भरपाई मिळाली ती १९९६ साली, अशी नोंद या विषयावरील वैद्यकीय लेखनात आढळते. आणि त्यानंतरही मंजूर झालेले दावे अत्यल्पच. आपल्या देशातील गिरण्या, कर्मशाळा, खाणी आणि मागांचा पसारा डोळ्यांपुढे आणला असता या दीर्घ मौनाने मन विषण्ण होते.

मौनाचे एक कारण त्या सहा महिन्यांच्या अटीतच दडलेले आहे. हे सहा महिने एकाच मालकाकडचे हवेत. दुसऱ्या मालकाकडे तशाच कामात घालविलेला काळ 'ब' भागातील रोगासाठी त्यात धरीत नाहीत. कायम नोकरीच्या गिरणीकामगाराला ही अट जाचक नव्हती. परंतु आज बोगद्याच्या कामावर चार महिने, मग मेट्रोच्या खांबांवर पाच महिने, मग तळोजा किंवा महाप्याच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली काही काळ, असे ज्याचे आयुष्य मुकादमाच्या वहीत विखुरलेले आहे, त्या इसमाचा कान एकाच आवाजाने गेला असला तरी मालक मात्र दहा झालेले असतात. फुप्फुसाच्या धूलिरोगांना अनुसूचीच्या 'क' भागात घालून अनेक मालकांवर प्रमाणशीर जबाबदारी वाटून देण्याची सोय कायद्याने केली आहे. आवाजाचा रोगही साचत साचत वाढणारा असल्यामुळे त्याचे योग्य स्थान तेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एवढे खरे की, कंत्राटदाराच्या कामगाराला मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते आणि मुख्य मालकाने ती पुढे कंत्राटदाराकडून वसूल करावयाची असते. शिवाय भरपाईचा हक्क सोडून देत असल्याबद्दल कामगाराकडून लिहून घेतलेला करारनामा कायद्याने शून्यवत् ठरतो.

दावा कोठे करावयाचा हे कामगाराच्या पगारपत्रकावरून ठरते. दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आणि विमा योजना लागू असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांच्या पगारातून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी कापली जाते. अशा विमेदाराने विमा महामंडळाकडेच अर्ज करावयाचा असून मालकाविरुद्ध वेगळी भरपाई त्याला मागता येत नाही. तेथे वैद्यकीय मंडळ अर्जनशक्तीची हानी टक्क्यांत ठरविते, आणि वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के हा पूर्ण दर धरून त्या टक्केवारीने येणारी रक्कम आयुष्यभर मिळते. समजा रोजची सरासरी मजुरी ६०० रुपये आणि हानी २० टक्के ठरली, तर दररोज १०८ रुपये. मंडळाचा निर्णय अमान्य असल्यास विमा न्यायालयाचे दार उघडे असते. विमा ज्यांना लागू नाही त्यांनी भरपाई आयुक्तांपुढे, म्हणजे आपल्याकडे कामगार न्यायालयात, दावा दाखल करावयाचा. भिवंडीच्या गल्ल्यांत पाच-सहा माणसांवर चालणारे जे मागांचे गाळे आहेत, जेथे धोट्यांच्या खडखडाटात आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो आणि कामगार एकमेकांशी ओठांच्या हालचालींवरून व हातवाऱ्यांनीच बोलतात, तेथील विणकरांना बहुधा हाच मार्ग उरतो. आणि मालक कोण, हजेरी कोठे, पगाराची पावती कोठे, या प्रश्नांपाशीच तो खुंटतो.

या दुसऱ्या मार्गावरील हिशेब असा. कायमच्या संपूर्ण विकलतेसाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांस वयानुरूप ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. हिशेबात धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. पंचेचाळीस वर्षांच्या कामगाराचा गुणक १६९.४४, तेव्हा ९,००० गुणिले १६९.४४ म्हणजे १५,२४,९६० रुपये. आणि हानी २० टक्के ठरल्यास ३,०४,९९२ रुपये. रक्कम देय झाल्यावर महिन्याभरात न दिल्यास द.सा.द.शे. १२ व्याज, आणि सबळ कारणावाचून विलंब केल्यास निम्म्या रकमेपर्यंत दंड.

परंतु ते २० टक्के आणावयाचे कोठून? पहिल्या अनुसूचीत तुटलेल्या बोटाच्या पेरापेरांचे टक्के दिलेले आहेत, कानाविषयी मात्र 'संपूर्ण बधिरत्व' एवढीच नोंद असून तिला १०० टक्के आहेत. अर्ध्यामुर्ध्या बहिरेपणाचे, एका कानाच्या हानीचे टक्के तीत नाहीत. ते डॉक्टराच्या विवेकावर सोडलेले आहेत. येथेच मालकाचा वकील उभा राहून विचारतो की, हा इसम तर अद्याप त्याच मागावर त्याच पगारात काम करतो आहे, मग त्याचे गेले काय? या प्रश्नाचे उत्तर न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९४८ साली स्लाविन्स्की या घणकामगाराच्या दाव्यात दिले होते: पगार बुडाला नाही म्हणून कानाची हानी भरपाईस अपात्र ठरत नाही. आपल्या कायद्याचे शब्दही 'अर्जनशक्ती' असे आहेत, 'अर्जन' असे नाहीत. डावा हात गमावलेल्या सुताराची विकलता संपूर्णच मानली पाहिजे, असे प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या दाव्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, तेव्हा उरलेल्या एका हाताने तो काहीबाही कमावू शकेल का, यापेक्षा तो सुतार राहू शकेल का, हा प्रश्न त्याने महत्त्वाचा मानला. मागे येणाऱ्या डंपरचा इशारा ज्याला ऐकू येत नाही, मुकादमाचा हुकूम ज्याला दोनदा सांगावा लागतो, तो कामगार आजची नोकरी सुटल्यावर उद्या दुसऱ्या दारात उभा राहील तेव्हा त्याच्या श्रमाचे मोल काय होईल, हे पाहणे म्हणजेच अर्जनशक्ती पाहणे होय.

अपंगांच्या हक्कांसंबंधीच्या २०१६ च्या कायद्याशी या मोजणीची गल्लत करू नये. त्या कायद्यात दोन्ही कानांच्या बोलण्याच्या टापूत ६० डेसिबलची हानी झाल्यावाचून माणूस 'कमी ऐकू येणारा' या व्याख्येत बसत नाही. आवाजाने बिघडलेले पुष्कळ कान त्या उंबरठ्याच्या अलीकडेच राहतात. ते प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणून भरपाईचा हक्क बुडतो अशी समजूत करून घेऊन जे घरी बसतात त्यांनी आपले मोठे नुकसान करून घेतलेले असते.

सर्वांत कठीण भाग पुराव्याचा, आणि तो वकिलाच्या दप्तरात तयार होत नाही. कामगाराच्या नोकरीच्या काळातच तो तयार व्हावा लागतो. गोंगाटाच्या जागी काम करणाऱ्याची श्रवणतपासणी नोकरीच्या आरंभी आणि पुढे दर वर्षी करावयाची, असा नियम कारखान्यांसाठी आहे. हे आलेख ओळीने लावले की ४००० हर्ट्झवरील दरी वर्षागणिक कशी खोल होत गेली ते कोणासही दिसते, आणि तारीख नसलेल्या अपघाताला एकदम पंधरा तारखा मिळतात. तपासणीपूर्वी किमान चौदा ते सोळा तास कान शांततेत राहिला पाहिजे. पाळी संपताच काढलेल्या आलेखात तात्पुरता बधिरपणा मिसळतो आणि मालकाला संपूर्ण आलेखच खोडून काढण्यास जागा मिळते. ढोंगाचा आरोप झाल्यास मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांचे मापन करणारी चाचणी आहे, तीत माणसाच्या उत्तरावर काही अवलंबून नसते. परंतु आलेख निघाला तरी त्याची प्रत कामगाराच्या हाती क्वचितच पडते, आणि पुष्कळ कामगार तर तपासणीसच भितात, कारण दोष आढळला की भरपाईऐवजी घरी बसण्याचा हुकूम मिळेल असे त्यांनी आजूबाजूला पाहिलेले असते. ही भीती निराधार नाही, आणि ती आहे तोवर बहिरेपण लपविणे हाच कामगाराला शहाणपणा वाटत राहणार.

१९२३ चा भरपाईचा आणि १९४८ चा विम्याचा हे दोन्ही जुने कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले असून व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीची पद्धत तिच्यात कायम आहे. नवा दावा करणाऱ्याने मुदत व रकमा संहितेतून ताडून घ्याव्यात. १९२३ च्या कायद्यात मुदत दोन वर्षांची होती, आणि तिची गणना बहिरेपणाच्या स्वभावास धरून केलेली होती: विकलतेमुळे सलग गैरहजेरी झाली असल्यास तिच्या पहिल्या दिवसापासून, आणि कामावर खाडा न पडता हळूहळू कान गेला असल्यास कामगाराने मालकास त्याविषयी लेखी सूचना दिली त्या दिवसापासून. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणे उघड झाली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस समजावयाचा. शीळफाट्याच्या बोगद्यावरील काम आटोपून जे कामगार आता दुसऱ्या प्रांतांतील बोगद्यांकडे गेले असतील, त्यांच्यापैकी ज्याच्या कानात शिट्टी वाजते त्याने पुढल्या जागेवरील यंत्र हाती घेण्यापूर्वी जवळच्या सरकारी रुग्णालयात श्रवणमापन करून घ्यावे, आलेखाची प्रत मागून घ्यावी, आणि कंत्राटदाराचे ओळखपत्र, बँकेतील पगाराच्या नोंदी व कामावर असल्याच्या तारखा तिच्यासोबत जपून ठेवाव्यात.